पाण्याच्या यादीतलं घर

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. सहा तास कचेरीच्या खुर्चीत बसून माझी कंबर आपोआपच वाकलेली असते, त्यामुळे खोटं ठरणार नाही.

बातमी अशी की माझी बदली झाली. इमारत तीच, मजला बदलला. जन्ममृत्यू नोंदणीतून उचलून मला भत्ता पडताळणीत टाकलंय. आजूबाजूच्या सात नगरपालिका मदत म्हणून जे पैसे देतात, ते योग्य माणसाच्या हातात पडतात की नाही हे आम्ही बघायचं. माझ्या वाट्याला एकल भत्ता आलाय. तुला मिळतो तोच. साठी ओलांडलेलं माणूस घरात एकटं राहत असेल तर त्याला हा मिळतो. दुसरं कुणी कायमचं राहायला आलं की तो बंद व्हायला हवा. होत नाही, कारण कुणी सांगतच नाही. पाच वर्षांपूर्वी तुझा अर्ज मीच भरला होता. 'एकटी राहते' लिहिताना मी तुझ्याकडे बघितलं तर तू म्हणालीस, "लिही की, खोटं थोडंच आहे?"

भत्त्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि रांगेत तीनशे नऊ माणसं उभी आहेत. त्यातले एक निवृत्त पोस्टमन दर सोमवारी खिडकीशी येऊन आपला नंबर विचारतात. सध्या एकशे बारा. "बरं, मग पुढच्या सोमवारी," म्हणतात आणि तिथेच रेंगाळतात. परवा मी विचारलं, काल दिवसभरात कुणाशी बोललात का? म्हणाले, "रेडिओशी. पण तो ऐकून घेत नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यात तिडीक गेलीय. जे चौघांच्या घरात बसून एकटेपणाचे पैसे खातात, ते या माणसाचे खातात.

आता तुझं कौतुक. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तू नेहमी म्हणायचीस ना, "माणसं काय वाट्टेल ते सांगतील, पाणी खोटं बोलत नाही. चादरींचं पाणी दाखवा, वॉर्डात किती माणसं आहेत ते सांगते." मी ते बैठकीत सांगितलं. एकल भत्त्याची यादी आणि पाण्याच्या मीटरची यादी शेजारी शेजारी ठेवायची. ज्या घराचं पाणी दुप्पट झालं आणि सहा महिने दुप्पटच राहिलं, तिथे जाऊन दार वाजवायचं. आमच्या मॅडम खूश झाल्या की चष्मा कपाळावर सरकवतात. सरकवला!

तुझ्या कानांमुळे फोनवर नुसतं 'काय? काय?' होतं, म्हणून सगळं लिहून कळव. एकटीला करमतं का?

तुझी,
फौजदार


२० जानेवारी

चि. फौजदार,

आशीर्वाद. बिस्किटांचा डबा कुणी उघडला हे तू लहानपणी सांडलेल्या चुऱ्यावरून शोधायचीस, तेव्हाच तुझं नाव फौजदार ठेवलं. सरकारला ते कळायला इतकी वर्षं लागली.

माझं वाक्य बैठकीत सांगण्याआधी मला विचारायचं तरी होतंस. आता लोक ज्या शिव्या घालतील त्यातल्या निम्म्या मला लागणार. तीस वर्षं रुग्णालयाच्या चादरी धुतल्या, कान घालवले, आणि नाव झालं ते लोकांचं पाणी मोजणारी म्हणून.

मी बरी आहे. करमतं. स्वयंपाकघरातली फळी पडायला आली होती, ती पक्की बसवून घेतली. खिडकीतून वारा यायचा तिथे पट्टी मारली. न्हाणीघरात धरायला दांडा लागला. गुडघे कुरकुरतात, पण दांड्याला धरून उठलं की राणीसारखं वाटतं.

समोरची शेजारीण तुझ्या खात्याबद्दल विचारत होती. तिलाही एकल भत्ता आहे. तिचं म्हणणं असं की कुणी नुसतं जेवायला येत असेल तर ते धरतात का? आणि जेवून उशीर झाला म्हणून राहिलं तर? आणि रोजच उशीर होत असेल तर? मी म्हटलं, बाई, माझी भाची फौजदार आहे, मी नाही. तिला विचारून सांगते.

पोस्टमनना म्हणावं, रेडिओला उलट उत्तरं द्यायला शिका. मी देते. मला तो ऐकू येत नाही, त्याला मी ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण नाही.

तुझी मावशी


३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फळी, पट्टी, दांडा! एवढी कामं कुणाकडून करून घेतेस? पैसे जास्त घेत नाही ना तो? एकट्या बाईचं घर दिसलं की कारागिरांना चेव येतो. पुढच्या वेळी आधी भाव लिहून घे आणि मला कळव.

शेजारीणबाईंना सांग: पाहुणा चालतो. रोज जेवायला येणाराही चालतो. पण एक छप्पर, एक चूल आणि तीन महिन्यांहून जास्त, असं झालं की ते एक घर धरतात आणि भत्ता थांबतो. अर्जाच्या मागच्या बाजूला हे सगळं छापलंय, पण अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागेल. तिथेच असंही छापलंय की आपणहून येऊन सांगितलं तर दंड नाही, फक्त जास्तीचं घेतलेलं हप्त्याने परत करायचं. आम्ही शोधून काढलं तर मात्र दंड आणि दहा वर्षं कुठलीच मदत नाही. त्यांना म्हणावं, 'रोजच उशीर' होत असेल तर लवकर या.

पाण्याची पहिली यादी निघाली. एक्केचाळीस घरं. बऱ्याच ठिकाणी खरंच सापडलं. एका 'एकट्या' आजोबांकडे मुलगा, सून आणि तीन नातवंडं होती आणि पाचही जण कपाटामागे उभे होते. नातीला शिंक आली.

पण एका घराचं मला तुला सांगायचंय. मीच गेले होते. म्हातारे गृहस्थ, एक खोली, पाणी तिप्पट. मी ऐटीत विचारलं, घरात आणखी कोण राहतं? मी दोनदा, तीनदा विचारलं. मग त्यांनी मागचं दार उघडून दाखवलं. दोरीवर चार चादरी. रात्री त्यांना आवरत नाही गं मावशी. रोज धुतात. पासष्ट वर्षांच्या माणसाने आपली लाज माझ्यासारख्या पोरीला दोरीवर टांगून दाखवली, आणि माझ्या हातात त्यांच्या पाण्याचा आकडा. परत येताना मला रस्त्यात रडू आलं. पाणी खोटं बोलत नाही हे खरं, पण ते सगळं सांगतही नाही.

तुझी,
फौजदार


११ फेब्रुवारी

चि. फौजदार,

तू रडलीस हे वाचून बरं वाटलं. न रडतीस तर मी काळजी केली असती.

त्या गृहस्थांना पुन्हा भेट. कामासाठी नाही, नुसतं जा. त्यांना सांग, चादरीखाली रबरी कापड घाला, म्हणजे गादी वाचते. चादर गरम पाण्यात कधीच टाकायची नाही, वास पक्का बसतो. आधी थंड पाण्यात तासभर, मग साबण. चार चादरींना मिळून चार बादल्या पुरतात, ते आठ घालवत असणार. आणि सांग की मी तीस वर्षं असल्या हजारो चादरी धुतल्या. त्यात डॉक्टरांच्याही होत्या.

शेजारणीला तुझं उत्तर वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, पैशाचा लोभ नाही हो. भत्ता सोडायचा तर कारण सांगावं लागतं. या वयात कुठल्या तोंडाने सांगायचं? कचेरीतली पोरं तोंडावर कागद धरून हसतील. आणि घरच्या माणसाला काय वाटेल? जे माणूस आपण एकटे आहोत म्हणून इतका जीव लावतं, त्याला काय सांगायचं, की आता तसं नाही?

मी तिला म्हटलं, झाकली मूठ कधीतरी उघडावी लागते. ती म्हणाली, बोटं आखडलीत.

थंडी आहे, पायमोजे घाल.

तुझी मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय, टपाल निघायला दहा मिनिटं आहेत.

तुला हसू येईल. आपल्या गावाची पाण्याची यादी आजच आली आणि त्यात आपलं घर आहे! गेल्या वर्षभरात तुझं पाणी दुपटीच्या वर गेलंय. मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ज्या बाईच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तिलाच यादीने धरलंय.

कुठेतरी गळतंय. टाकीतला बॉलकॉक गेला असेल नाहीतर भिंतीतला पाइप. तुला थेंब ऐकू येत नाहीत, म्हणून कळलं नसेल. तपासनीस यायच्या आत प्लंबर बोलावून सगळं बघून घे आणि त्याच्याकडून पावती घेऊन ठेव. पावती दाखवलीस की दोन मिनिटांत प्रकरण मिटेल.

तुझी,
फौजदार


७ मार्च

चि. बाळ,

आज फौजदार म्हणत नाही. आधी पूर्ण वाच, मग काय ते ठरव.

प्लंबर घरातच आहे. चौदा महिने झाले.

समोरच्या शेजारणीला एकल भत्ता मिळत नाही. ती पस्तिशीची आहे आणि तिचा नवरा घोरतो म्हणून भिंत हादरते. सगळं मीच विचारत होते.

तू म्हणतेस तो भिंतीतला पाइप खरंच फुटला होता, गेल्याच्या गेल्या वर्षाअखेरीस. दुरुस्तीला जे आले ते माझ्याच वयाचे. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. काम दोन दिवसांचं होतं, त्यांनी सहा दिवस लावले. पहिल्या दिवशी ते मागून आले आणि मी दचकून हातातला कप फोडला. दुसऱ्या दिवसापासून ते खोलीत यायच्या आधी उंबऱ्यावर दोनदा पाय आपटायला लागले. जमीन हलली की मला कळतं. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं गं. तुलाही नाही. रागावून म्हणत नाही, नुसतं सांगते.

मग ते चहाला यायला लागले. मग जेवायला. मग उशीर व्हायला लागला.

दर पत्रात तुला सांगायचं ठरवायचे. पण नोकरीला जाताना तू बसच्या खिडकीतून रडत रडत म्हणाली होतीस, "मावशी, तुला एकटीला टाकून चाललेय." तुझी आई गेल्यापासून आपण दोघीच. मी सुखात आहे हे तुला सांगणं मला चोरीसारखं वाटायचं. आणि भत्ता तर खरीच चोरी, ती वाटतच नव्हती! उलटं आहे, पण तसंच होतं. दर महिन्याला पैसे यायचे आणि मी स्वतःला सांगायचे, कुणी विचारलं तर सांगेन. कुणी विचारलंच नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. गप्प बसणं मात्र जमलं.

तू पोस्टमनबद्दल लिहिलंस त्या दिवसापासून घास गोड लागला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी तू सात गावं शोधत होतीस आणि मी पत्राच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

मावशी


१३ मार्च

मावशी,

तुझं पत्र आणि माझ्या २ तारखेच्या पत्रात मी काय लिहिलं होतं, दोन्ही मॅडमना सांगितलं. यादीतलं नाव तुला आधी कळवणं ही माझ्याकडून गंभीर चूक झाली आहे. तुमच्या गावाचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत मला तुझ्याशी पत्रव्यवहार करता येणार नाही. काय करावं हे मी सांगू शकत नाही. तपासनीस कधी येतील हे मला माहीत नाही.

हे पत्र मॅडमना दाखवून टाकत आहे.

काळजी घे.


२ एप्रिल

चि. बाळ,

तू उत्तर देणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते.

'काळजी घे' हे तू असं लिहिलंस जसं औषधाच्या बाटलीवर लिहितात. खाली सहीसुद्धा नाही. मी ते पत्र तीन दिवस उशाखाली ठेवलं, वाटलं घडीत कुठेतरी एखादी ओळ लपली असेल.

तू चूक नाहीस. जी पोर बिस्किटाच्या चुऱ्यावरून न्याय करायची, ती मावशीसाठी वेगळा न्याय कसा करेल? मीच तुला तसं वाढवलं. पण माझ्यामुळे तुझ्या नोकरीला डाग लागला, हे मला सहन होत नाही.

ते काल गेले. त्यांच्या बहिणीकडे, इथून दोन तासांवर. मीच म्हटलं, जा. त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. सामान फारसं नव्हतंच, हत्यारांची पिशवी आणि एक बॅग. मी कपाट पुसलं, दुसरा कप माळ्यावर टाकला, दाराशी माझ्याच चपला ठेवल्या. घर तू सोडून गेलीस तसं आहे.

आता तुला माझी लाज वाटायचं कारण उरलं नाही.

मावशी


२८ मे

प्रिय, प्रिय मावशी,

आज चौकशी संपली आणि आजच मॅडम म्हणाल्या, "जा, लिही आता." मी त्यांच्यासमोरच पेन उघडलं.

ते मार्चचं पत्र त्यांनी वाचायचं होतं गं. मॅडम टेबलापलीकडे हात पुढे करून बसलेल्या आणि मी तुला 'माझी मावशी' कसं लिहू? एक मऊ शब्द लिहिला असता तर कागदावरच रडले असते. 'काळजी घे' लिहिलं, सही करायला गेले तर फौजदार लिहावं की काय ते कळेना, म्हणून तसंच टाकलं. मागून चार पत्रं लिहिली, टाकायची नव्हती म्हणून पोट भरून लिहिली. सोबत जोडतेय. चौथ्यावर चहा सांडलाय.

तुझं २ एप्रिलचं पत्र आलं तेव्हा माझी अवस्था विचारू नकोस. लाज? मावशी, मला राग आला होता. भत्त्याचा आलाच, पोस्टमनचा चेहरा समोर यायचा. पण त्याहून जास्त याचा, की तू चौदा महिने आनंदात होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. इथे मी रोज जेवताना तुझ्या एकटेपणाचा विचार करून अपराधी होत होते. तो सगळा अपराध वाया गेला ना! आणि जमीन हलली की तुला कळतं, हे तुझ्यासोबत वीस वर्षं राहून मला सुचलं नाही, ते लागलं. लागायलाच हवं होतं.

माझ्या नोंदवहीत लेखी समज आली आहे. बरोबरच आहे. मी चुकले. नोकरी आहे.

आणखी एक. तुझं ते वाक्य, 'पाच वर्षांत कुणी विचारलंच नाही', मी पुन्हा बैठकीत सांगितलं. या वेळी आधी विचारलं नाही, माफ कर. ठरलं असं की दरवर्षी प्रत्येक भत्तेकऱ्याला आम्हीच साधं पत्र पाठवायचं, मोठ्या अक्षरात: तुमच्या घरात काही बदललं का? असल्यास कळवा. दंड नाही, कुणी हसणारही नाही. शेवटचे तीन शब्द एका साहेबांनी खोडले, मॅडमनी परत घातले. पहिल्याच महिन्यात सव्वीस जणांनी आपणहून कळवलं. एवढे तर पाण्याच्या यादीने महिनाभरात धरले नव्हते. पोस्टमनचा नंबर आता ऐंशीवर आलाय. ते अजून सोमवारी येतात. मी त्यांची आणि चादरीवाल्या गृहस्थांची ओळख करून दिली, दोघं एकमेकांचं काहीएक ऐकून घेत नाहीत आणि रोज भेटतात.

आता मला सांग. तपासनीसबाईंचा अहवाल मॅडमनी मला दुरून दाखवला. 'घर पाहता एकटीचे वाटले' अशी सुरुवात आहे आणि शेवटी तुझी कबुली. मधलं काही कळत नाही. ज्या घरात एकच कप होता तिथे तू का बोललीस? गप्प बसली असतीस तर सुटली असतीस. आणि नात्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय, त्यावर मॅडमनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मावशींना विचार." चष्मा कपाळावर होता.

तुझीच,
फौजदार


६ जून

चि. फौजदार,

चारही पत्रं वाचली. तिसऱ्यात मला ज्या शिव्या दिल्या आहेस त्या मीच तुला शिकवलेल्या, त्यामुळे माफ.

सांगते. एप्रिलच्या अठरा तारखेला सकाळी तपासनीसबाई आल्या. तुझ्याहून लहान असतील, पाठीवर पिशवी, घामाघूम. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर समोर बसून हळू बोलल्या, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. गुणी पोर. तिने घर बघितलं. एक गादी, एक टॉवेल, दाराशी चपलांचा एक जोड. कागदावर लिहायला लागली. मी तिच्या पेनाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सुटलीस म्हातारे.

मग तिने मान वर केली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही एकट्याच राहता ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण गेले सतरा दिवस मी त्या घरात खरंच एकटी राहत होते, आणि ते कसं असतं हे मला नव्याने कळलं होतं. पाच वर्षांपूर्वी तुझ्या हाताने लिहिलेलं ते खरं होतं. आता ते म्हणणं म्हणजे जित्या माणसाला पुसून टाकणं. पैशांसाठी मी गप्प बसले, ते एक पाप. पण ते या घरात नव्हतेच, असं माझ्या तोंडाने म्हणायचं? ते मला होईना.

मी म्हटलं, "नाही. एक जण राहतात. पंधरा महिने राहिले. या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यांना घालवलं, तुम्ही येणार म्हणून."

तिचं पेन थांबलं. बिचारी म्हणाली, "मावशी, मी हे लिहिलं तर भत्ता जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. पोस्टमनला द्या." ती बुचकळ्यात पडली, तिला कुठला पोस्टमन ठाऊक? मग तिने रकाना भरायला घेतला. "त्यांचं तुमच्याशी नातं काय लिहू?"

बहिरेपणाचा हा एक फायदा, तीनदा विचारून घेता येतं. तेवढ्यात मी सगळं फिरून आले. भाडेकरू? भाडं कधी घेतलं नाही. पाहुणे? पाहुणा जातो तेव्हा घराला हायसं वाटतं. नवरा म्हणावं तर एका कागदावर दुसरं खोटं. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझे माणूस आहेत. तसंच लिहा."

ती म्हणाली, "असा शब्द यादीत नाही." मी म्हटलं, "मग यादी तपासा. तेच तुमचं काम ना?" ती हसली आणि तसंच लिहिलं, स्वच्छ अक्षरात. मी उलटं वाचलं.

मग तिने विचारलं, "आता कुठे आहेत ते?"

आणि मला एकदम रडू फुटलं. कागदावर माणूस लिहून दिला आणि माणूस घरात नाही! मी चपला घातल्या. तिला म्हटलं, "तुमचं लिहून झालं की दार ओढून घ्या," आणि तिला तिथेच बसवून बस गाठली. सरकारी माणसाला घरात एकटं टाकून पळालेली मी पहिलीच असेन. हे तिने अहवालात लिहिलं नाही, म्हणून म्हणते गुणी पोर.

आपणहून सांगितलं म्हणून दंड नाही. घेतलेलं सगळं दोन वर्षांत हप्त्याने परत करायचंय. ते म्हणाले, निम्मे मी भरतो. मी म्हटलं, घेतले मी, फेडीनही मीच. त्यावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं आणि मी जिंकले, कारण त्यांचं मला ऐकूच आलं नाही. धुलाईखान्यातून फाटलेल्या चादरी शिवायला आणते आता. डोळे अजून शाबूत आहेत.

तर, मी त्यांच्या बहिणीच्या दारात पोचले तेव्हा ते तिच्या मोरीखाली आडवे होते, पाइप उघडून. मला बघून तसेच उठले आणि डोकं आपटलं. मी म्हटलं, "चला घरी. सरकारी कागदावर लिहून आलेय." काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. हात पुसले, पाना पिशवीत टाकला. बहीण ओरडत होती की अरे नळ तरी जोड, मी भांडी कशी घासू? ते म्हणाले, "शेजारून पाणी आण."

बसमध्ये अर्ध्या वाटेवर त्यांनी माझ्याकडे वळून, मला ओठ दिसतील असं विचारलं, "काय म्हणून लिहिलंस?" मी सांगितलं. माझी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले.

रविवारी ये. ते दाढी करून तयार राहणार आहेत, आणि मला विचारतायत की तुझी भाची काय काय प्रश्न विचारेल.

तुझी मावशी